कृपया न म्हणणारा माणूस

१

“कृपया म्हणे! लग्न झाल्यापासून एकदा तरी म्हणाले होते का मला कृपया? आणि आता उठता-बसता कृपया. कृपया पाणी द्या, कृपया कूस बदला. जशी काही मी हॉटेलातच कामाला लागलेय!”

दार अर्धवट उघडं होतं. आतली बाई कुणाशी बोलत नव्हती, नुसती भांडी आपटत स्वतःशीच धुसफुसत होती. बाहेर उभ्या असलेल्या चाळणीबाईंनी बेलवर ठेवलेलं बोट मागे घेतलं, थोडं आणखी ऐकलं, मग स्वतःचीच लाज वाटून बेल वाजवली. भांडी एकदम गप्प झाली.

चाळणीबाई हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांच्या कंपनीत ‘बोलकी पाटी’ तयार व्हायची. ज्यांची वाचा गेली आहे अशा माणसांसाठी ही पाटी. डोळ्यांसमोर उभी करायची, पडद्यावरच्या एखाद्या चित्रावर नजर रोखली की पाटी त्या चित्राचं वाक्य मोठ्याने बोलते. प्रत्येक पाटी बाहेर पडण्याआधी बाईंच्या हाताखालून जायची आणि बाई एक खडा पुढे जाऊ द्यायच्या नाहीत, म्हणून ऑफिसातल्या मंडळींनी पाठीमागे ठेवलेलं हे नाव. बाईंना ते माहीत होतं. आवडतही होतं, पण तसं त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं.

आजची तक्रार एका ओळीची होती. ‘माझ्या बाबांचा आवाज परत द्या.’

बाबा म्हणजे सर. शहरातल्या कितीतरी लोकांना त्यांनी गाडी चालवायला शिकवली होती, आणि शिकवली म्हणजे ओरडून शिकवली. मग आजार आला. आधी हात गेले, मग पाय, आणि जीभही जाणार हे कळल्यावर सरांनी ती जायच्या आत आपल्या खरखरीत आवाजात लागतील ती सगळी वाक्यं बोलून ठेवली. पाटी सरांच्याच आवाजात पाणी मागायची, सरांच्याच आवाजात खेकसायची. आणि एका सकाळी ती साबणाच्या जाहिरातीतल्यासारख्या गुळगुळीत परक्या आवाजात बोलायला लागली.

“या,” सरांची बायको म्हणाली. ओळखीतले सगळे तिला वहिनी म्हणत. बाईंनीही तेच सुरू केलं.

सरांना उशांच्या आधाराने बसवलं होतं. गळ्यात नळी, नळीभोवती पांढरी पट्टी, आणि शेजारी एक यंत्र त्यांच्या वतीने श्वास घेत होतं. फुस्स, थांब, फुस्स. हलत होते ते फक्त डोळे. ते बाईंवर येऊन थांबले, नव्या शिकाऊ माणसाला जोखावं तसे.

“नळी नवीन दिसतेय.”

“हो, आत्ताच बसवली. श्वास पुरेना ना.” वहिनींनी चादरीची नसलेली सुरकुती सरळ केली. “आवाज गेला त्याच्या मागोमागच.”

“सर, मी जरा पाटी बघू?”

सरांची नजर एका चित्रावर गेली. “नको, धन्यवाद,” पाटी गोड गळ्याने म्हणाली.

“हल्ली सगळ्यालाच नको म्हणतात,” वहिनी घाईने म्हणाल्या. “हा आवाज आवडत नाही ना, म्हणून रागावलेत. तुम्ही बघा खुशाल. ही वरची कंपनीची चित्रं. खालची ह्यांची स्वतःची. हे गाढव, हा आरसा, हा कप, ते झाड. आणि कोपऱ्यातला हा पांढरा चौकोन कसला, देव जाणे.”

बाईंनी बोटाने एकेक चित्र दाबलं. पाणी, उशी, दिवा, सगळीकडे तोच साबण. मग त्यांनी गाढव दाबलं.

“अरे गाढवा, आरसा काय भांग पाडायला लावलाय?”

खोली दणाणली. हा माणसाचा आवाज होता. तंबाखूने घासलेला, अर्धा राग आणि अर्धं हसू असलेला.

“शिव्या तेवढ्या शिल्लक राहिल्यात,” वहिनी म्हणाल्या, आणि पदर तोंडाशी धरून आत निघून गेल्या.

बाई पाटीकडे बघत राहिल्या. ज्याने कुणी आवाज नेला होता, त्याने सगळा नेला नव्हता.

२

“चूक आपली नाही एवढं लिहून आणा,” कंपनीच्या मालकांनी निघतानाच बजावलं होतं. “आणि असलीच, तर ती शॉर्टकटची आहे असं लिहा.”

शॉर्टकट म्हणजे पाटीचा प्रोग्राम लिहिणारा माणूस. चाळिशीला टेकलेला, नखं कुरतडून संपलेली, नोकरी जाईल या भीतीने तक्रार आल्यापासून धड जेवलेला नव्हता.

“मॅडम, सोपं आहे,” तो म्हणाला. “पाटीत एक डिक्शनरी असते. शब्दकोश नव्हे हो, आमच्या प्रोग्रामच्या भाषेतली. कपाट समजा. प्रत्येक खणाला एक नाव, आणि खणात एक आवाज. ‘पाणी’ नावाच्या खणात सरांचं पाणी मागणारं वाक्य. आता दुसरं कपाट घ्या, आपल्या तयार आवाजाचं. त्यातही ‘पाणी’ नावाचा खण आहे. आपण पहिल्या कपाटाला सांगितलं, दुसऱ्याप्रमाणे अपडेट हो, की काय होतं? जे नाव दोन्हीकडे आहे त्या खणातला जुना माल जातो आणि दुसऱ्याचा माल येतो. जे नाव फक्त पहिल्यात आहे त्याला कुणी हात लावत नाही.”

“म्हणून गाढव वाचलं.”

“तयार आवाजाच्या कपाटात गाढवाचा खणच नाही ना! तो फक्त सरांकडे.”

“आणि दुसऱ्यात असेल पण पहिल्यात नसेल असं नाव आलं तर?”

“नवा खण तयार होतो. भर पडते.”

“हे अपडेट केलं कुणी? तू?”

“आईशप्पथ नाही. ते घरच्यांच्या पानावरून झालंय. प्रत्येक गिऱ्हाइकाला आपण इंटरनेटवर एक पान देतो ना, पासवर्डवालं. त्यावरून तयार आवाजाची फाइल चढवली गेलीय. पूर्ण फाइलच चढवावी लागते, पान अर्धीमुर्धी घेत नाही. चढवण्याआधी तिच्यात कुणी एखादं वाक्य हाताने लिहिलं, तर तेही तयार आवाजात चढतं.”

म्हणजे घरातूनच. बाईंनी क्षणभर पेन टेबलावर ठेवलं. घरातूनच झालं असेल, तर घरातूनच तक्रार का यावी?

“बरं. जुने आवाज गेले कुठे? कपाटातून काढले तरी पाटीत कुठेतरी पडले असतील.”

शॉर्टकटने उरल्यासुरल्या नखाकडे बघितलं. “पाटीत जागा कमी असते. म्हणून मी आत एक सफाई ठेवलीय. ज्या आवाजाकडे कुठलाच खण बोट दाखवत नाही, तो पुसून टाकायचा. पाटी बंद करून पुन्हा चालू केली की ही सफाई होते.”

“सरांची पाटी बंद झाली होती?”

“नळी बसवायला नेलं तेव्हा. हॉस्पिटलवाल्यांनीच बंद करायला लावली.”

“दुसरीकडे प्रत?”

“गिऱ्हाइकाचं खाजगी बोलणं आम्ही ठेवत नाही, असं मालकांनी जाहिरातीत छापलंय. आणि ते खरंच ठेवत नाहीत.”

“म्हणजे परत येणार नाही.”

“नाही, मॅडम.”

बाईंचा नवरा घरी इतका बोलायचा की त्याला एखादी संध्याकाळ बंद ठेवता आलं तर बरं, असं त्या मैत्रिणींना हसत सांगायच्या. आज त्यांना ते आठवलं आणि हसू आलं नाही.

त्यांनी मोबाईल काढला. सरांच्या सगळ्या बटणांचा आवाज त्यांनी त्यात टिपून आणला होता. शॉर्टकटने ऐकायला सुरुवात केली. गाढव, सरांचं. आरसा, सरांचा. कप, “हा चहा आहे की रेडिएटरचं पाणी?”, सरांचाच. मग शेवटचं, सरांनी स्वतः करून घेतलेलं. चित्रात रस्त्याकडेला झाडाच्या सावलीत थांबलेली एक मोटार.

“मी बरा आहे. काळजी करू नका,” साबण म्हणाला.

शॉर्टकटचा चेहरा उतरला. “हे कसं शक्य आहे? तयार कपाटात ही मोटार नाहीच!”

“म्हणजे,” बाई म्हणाल्या, “कुणीतरी ती मुद्दाम घातली.”

३

ड्रायव्हिंग स्कूल आता सरांचा धाकटा भाऊ चालवत होता. बाई पोचल्या तेव्हा तो मोकळ्या मैदानात शिकवणीच्या गाडीवर फडकं मारत होता.

“आतच बसू, ताई. ऊन मी म्हणतंय.”

बाई चुकून शिकाऊ माणसाच्या जागी बसल्या, तो सवयीने शिकवणाऱ्याच्या. त्याच्या पायाशीही एक ब्रेक होता. समोरच्याने घोळ घातलाच तर गाडी थांबवता यावी म्हणून असतो तो.

“इथेच बोलून घेतलं सगळं,” तो म्हणाला. “काचा वर केल्या की या गाडीत बाहेरचं काही ऐकू येत नाही. दादा बोलायचा आणि मी खणांची नावं टाइप करायचो. जीभ जड झाली होती त्याची. एकेक वाक्य पुन्हा पुन्हा. मधेच वैतागून मला शिव्या. त्या पण आल्या त्यात. म्हटलं पुसू का, तर म्हणाला, राहू दे, लागतील.”

“ती थांबलेली मोटार आहे ना, तिच्या खणाचं नाव काय ठेवलंत?”

“साइडच्या बटणाचं? ‘बाजूला’. गाडी बाजूला घे, गाडी बाजूला घे, हेच तर चालायचं त्याचं दिवसभर.”

“हे नाव पडद्यावर कुठे दिसत नाही. तुमच्याशिवाय कुणाला माहीत होतं?”

“कुणाला असणार? दादाला आणि मला.” बोलून गेल्यावर त्याला आपण काय बोललो ते कळलं. “पण मी काही केलेलं नाही हां. मला ते तुमचं पान उघडतासुद्धा येत नाही. पासवर्ड पुतणीकडे.”

बाईंचा त्यावर विश्वास बसला. गिऱ्हाइकाला पत्ता पाठवायचा तर हा गृहस्थ तो कागदावर लिहायचा, कागदाचा फोटो काढायचा आणि फोटो पाठवायला शेजारच्या दुकानदाराकडे जायचा, हे त्याने स्वतःच आल्या आल्या कौतुकाने सांगितलं होतं.

“आणि त्या खणात मूळ वाक्य कोणतं होतं?”

गाडी बंद होती. तरी त्याचा पाय दाबला गेला, आणि बाईंच्या पायाखालचा ब्रेक आपोआप जमिनीला टेकला.

“आठवत नाही.”

“पुन्हा पुन्हा बोलून घेतलेलं वाक्य आठवत नाही?”

“नाही आठवत म्हटलं ना, ताई!” काचा बंद होत्या म्हणून आवाज आतच घुमला. मग तो एकदम खाली आला. “दोन घरं सोडून जन्माला आलो असतो तर बरं झालं असतं.”

बाई उतरल्या. दार लावताना त्याने खिडकीची काच थोडी खाली केली.

“एक विचारू? आम्ही तक्रारच मागे घेतली तर चालेल का?”

४

सरांची मुलगी शाळेत संगणक शिकवायची. वर्ग सुटला होता, आणि ती एकेका संगणकावर कापडाची खोळ चढवत होती.

“मागे? काकाला काय कळतंय त्यातलं!” ती बाईंच्या अंगावरच आली. “तुमच्या कंपनीने माझ्या बाबांचा आवाज पुसलाय. कुणाला न विचारता, न सांगता, पाटी बंद-चालू केली की जुनं सगळं साफ! कुठल्या शहाण्याने लिहिलंय हे?”

“आमच्याच. चूक आमची आहे,” बाई म्हणाल्या. “निम्मी.”

“आणि उरलेली निम्मी?”

बाई विद्यार्थ्यांच्या बुटक्या स्टुलावर बसल्या. गुडघे कुरकुरले. “सगळ्यात खालची चार चित्रं तुमच्या बाबांची. त्यातलं एक तेवढं बदललंय. ते कुठलं, सांगा बरं.”

“पार्किंगचं,” मुलगी म्हणाली. पटकन म्हणाली, आणि मग खोळीची नाडी बांधायला खाली वाकली.

“तुम्ही पार्किंगचं म्हणता. तुमचे काका साइडचं म्हणतात. गंमत आहे, एका घरात एका चित्राला इतकी नावं.” बाईंनी मोबाईल पुढे केला. शॉर्टकटने सरांच्या कपाटातल्या सगळ्या खणांची आतली नावं पाठवली होती. “तुमच्या पडद्यावर कोपऱ्यात एक पांढरा चौकोन आहे. चित्र नाही, काही नाही. मी दाबला, तर तो पण म्हणाला, मी बरा आहे, काळजी करू नका. दोन बटणांना एकच वाक्य कशाला असेल? म्हणून मी त्याचं आतलं नाव मागवलं.”

मुलगी मोबाईलकडे बघत नव्हती.

“कुणाला तरी त्या मोटारीचं वाक्य बदलायचं होतं. पण खणाचं नाव माहीत नव्हतं. मग घरात त्या चित्राला जे म्हणतात ते नाव घालून बघितलं. त्या नावाचा खण नव्हताच, त्यामुळे बदल काही झाला नाही, नुसता एक नवा खण तयार झाला. चित्र नसलेला. पुढे खरं नाव मिळालं, पुन्हा फाइल चढवली, आणि या वेळी जमलं. पांढरा चौकोन तेवढा राहिला, कारण तुमच्या पानावरून भर घालता येते, काढता येत नाही.”

“नाव काय आहे त्याचं?” तिने विचारलं. आवाज इतका बारीक की बाईंना ती वर्गातल्या एखाद्या मुलीसारखी वाटली.

“झाड.”

शेवटच्या संगणकाची खोळ तिच्या हातातच राहिली. बाहेर मैदानावर कुणीतरी शिट्टी वाजवली.

“यात आईला ओढू नका,” ती म्हणाली.

“मी तुमच्या आईचं नाव घेतलेलं नाही,” बाई म्हणाल्या.

५

अहवाल खरं तर तिथेच लिहिता आला असता. ‘बदल कुटुंबीयांनी केला. रेकॉर्डिंग सफाईत पुसलं गेलं. भरून निघण्याजोगं नाही.’ मालक खूश झाले असते आणि शॉर्टकट जेवला असता. पण एका माणसाचं म्हणणं ऐकायचं राहिलं होतं, आणि ते तसंच सोडून जाणं बाईंना जमेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या सरांच्या खोलीत होत्या. वहिनी पलंगाच्या पायाशी, मुलगी खिडकीत, भाऊ दारात, अर्धा आत आणि अर्धा बाहेर. यंत्र श्वास घेत होतं.

“मला तिघांपैकी एकावर संशय होता,” बाई म्हणाल्या. “पण एकट्याने हे कुणालाच जमलं नसतं. काकांना खरं नाव माहीत होतं. त्यांनी केलं असतं तर पांढरा चौकोन झालाच नसता. शिवाय त्यांना पान उघडता येत नाही. मुलीला पान उघडता येतं, पण तिने स्वतःच्या मनाने केलं असतं तर चौकोनाचं नाव ‘पार्किंग’ असतं. त्या चित्राला झाड फक्त वहिनी म्हणतात. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या. आणि वहिनींना पाटी बंद करण्यापलीकडे तिच्यातलं काही येत नाही.”

वहिनी म्हणाल्या, “मी फक्त एवढंच म्हटलं तिला. ते झाडाचं बटण तेवढं बघ ना गं. दुसरं काही बोलले नाही.”

“नाही बोलली,” मुलगी म्हणाली. “बोलायची गरजच नव्हती. डॉक्टरांनी नळीचा विषय पहिल्यांदा काढला, त्या संध्याकाळी बाबांनी ते बटण वाजवलं होतं. तिघंही इथेच होतो. ऐकलं, आणि आई म्हणाली, चहा टाकते.”

“आणि तुम्ही काकांना नाव विचारलंत.”

“विचारलं तिने,” भाऊ दारातून म्हणाला. “मी सांगितलं. कशाला हवंय ते विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं.” त्याने दाराच्या कडेवर नख घासलं. “आयुष्यभर दादाच्या पायाखाली त्याचा स्वतःचा ब्रेक होता. मी तो काढून यांच्या हातात दिला.”

“एकच वाक्य बदलायचं होतं मला!” मुलगी म्हणाली. “एकच. पान अर्धी फाइल घेईना, म्हणून सगळी चढवली. बाबांचे जुने आवाज आत आहेत, ते कुठे जात नाहीत, असं वाटलं. नळी बसली की होतं तसं ठेवणार होते. घरी आणून पाटी चालू केली, आणि आत काही नव्हतंच.”

“म्हणून तक्रार केलीत.”

“मग काय करणार होते? मला वाटलं तुमच्याकडे असेल. कुठेतरी असेल!”

बाईंनी नकारार्थी मान हलवली. हे त्यांना कालच सांगता आलं असतं, सांगितलं नव्हतं. आता तिच्या चेहऱ्यावरून ती शेवटची आशा उतरताना त्यांना बघावी लागली.

“डॉक्टरांनी सरांना विचारलं नव्हतं का?”

“विचारलं होतं.” मुलगी खिडकीबाहेर बघत बोलत होती. “म्हणाले, गळ्यातून नळी घालावी लागेल, पुढे मशीनवरच राहावं लागेल, तुमची तयारी आहे का. बाबांनी ते बटण बघितलं. पाटी म्हणाली, मी बरा आहे, काळजी करू नका. डॉक्टर म्हणाले, शाब्बास. मग बाबांनी ‘नको’ बघितलं. नको, नको, नको. थांबेचनात.”

“मग?”

“मग मी म्हटलं, नवा आवाज आवडलेला नाही, म्हणून हल्ली सगळ्यालाच नको म्हणतात.”

वहिनींनी तोंडावर हात ठेवला. बाईंना त्यांनी पहिल्या दिवशी हेच, याच शब्दांत सांगितलं होतं. पाठ झालेलं वाक्य होतं ते.

६

“मला अहवालात लिहायचं म्हणून विचारत नाही,” बाई म्हणाल्या. “पण ते वाक्य आता पाटीत नाही. कंपनीत नाही. कुठेच नाही. फक्त तुम्हा तिघांच्या कानात आहे. काय होतं ते?”

भाऊ आपल्या बुटांकडे बघू लागला. “जुनं झालं, ताई. नळी बसली. आता बोलून काय होणार?”

“काही नाही होणार,” बाई म्हणाल्या. त्यांना खोटं बोलावंसं वाटलं नाही.

“मग राहू द्या ना,” मुलगी म्हणाली. “प्लीज. डॉक्टर म्हणाले, असे वर्षानुवर्षं राहतात माणसं. नीट काळजी घेतली तर. आम्ही घेतोय. रात्रीची पाळी मी करते, काका सकाळी येतो, आई तर हलतच नाही इथून. काय कमी आहे त्यांना?”

सर तिच्याकडे बघत होते. त्यात राग नव्हता, निदान बाईंना तरी तो दिसला नाही. गाडी शिकताना तीच चूक पुन्हा पुन्हा करणाऱ्या, पण जीव तोडून शिकणाऱ्या मुलीकडे बघावं, तसं ते बघणं होतं. मग ती नजर हळूच सरकली. पाटीवर आली. खालच्या रांगेत, शेवटच्या चित्रावर जाऊन थांबली.

“मी बरा आहे. काळजी करू नका.”



नजर बाजूला झाली, पुन्हा त्याच चित्रावर आली.

“मी बरा आहे. काळजी करू नका.”

“बाबा, नको ना,” मुलगी म्हणाली.

“मी बरा आहे. काळजी करू नका. मी बरा आहे. काळजी करू नका.”

भाऊ दारातून बाहेर गेला आणि पॅसेजमध्येच थांबला. त्याची पाठ दिसत होती. बाईंना उठून जावंसं वाटलं. आपण इतकी वर्षं पाट्या तपासल्या, आवाज स्पष्ट येतो का ते पाहिलं, बटण लगेच लागतं का ते पाहिलं. ही पाटी उत्तम चालत होती. एकदाही अडखळली नव्हती.

“मी बरा आहे. काळजी—”

वहिनींनी हात लांब करून पाटी बंद केली. स्टँड पलंगापासून दूर ढकलला. मग त्या उशीशेजारी टेकल्या आणि जिथे इतके दिवस पडदा होता तिथे त्यांनी आपला चेहरा आणला, सरांच्या नजरेच्या अगदी समोर. सरांचे डोळे त्यांच्यावर स्थिर झाले.

“आई, बोलू नकोस,” मुलगी म्हणाली. “एकदा बोललीस की ते खरं होईल.”

वहिनींनी मागे वळून बघितलं नाही. यंत्राने एक श्वास घेतला, थांबलं, दुसरा घेतला. त्या दोन श्वासांच्या मधल्या जागेत, नवऱ्याच्या डोळ्यांतून नजर न काढता, त्या त्याच्या वतीने बोलल्या.

“मला नळी नको. मला मशीनवर ठेवू नका. मला मरू द्या.”